गाळा रिकामा करताना

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात जे राहतात त्यांना ‘गाळा’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वर पत्रे, तीन बाजूंना भिंती, समोर लोखंडी शटर. आत एक-दोन लेथ, पॉवर प्रेस, कोपऱ्यात ग्राइंडर, पोटमाळ्यावर मालकाचे टेबल आणि खाली सात-आठ माणसे. मोठ्या कारखान्याच्या फाटकातून जी गाडी दिमाखाने बाहेर पडते, तिचे कितीतरी सुटे भाग अशा गाळ्यांत तयार झालेले असतात. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची चूलही या गाळ्यांवरच पेटते. कोणी तेथे ऑपरेटर आहे, कोणी नोकरी सोडून, बँकेचे कर्ज काढून दोन यंत्रे टाकली आहेत. यांतले बहुतेक गाळे भाड्याचे; आणि भाड्याची जागा म्हटली की ती कधी ना कधी सोडणे आलेच.

हे सोडणे निव्वळ व्यवहाराचे मानले जाते. अनामत परत मिळाली का, टेम्पो किती फेऱ्या करील, नव्या जागी वीजजोडणी कधी मिळेल, एवढेच प्रश्न विचारले जातात. नीतिशास्त्राचा येथे काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु जरा विचार करावा. नव्या जागी येणाऱ्या माणसाला सर्वांची गरज असते. जागामालकाची, शेजाऱ्यांची, कामगारांची, चहावाल्याची. म्हणून तो सर्वांशी नीट वागतो, आणि त्या वागण्यात न्याय किती व सोय किती हे ओळखता येत नाही. जाणाऱ्याची गरज मात्र संपलेली असते. त्या वेळी तो जे देतो ते केवळ देणे लागतो म्हणून देतो. हे देणे कोणते आणि कोणाचे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार आज करण्यास कारणही आहे. चिखलीतील कुदळवाडी हा भाग आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. शेतजमिनींवर पत्र्याच्या शेडमागून शेड उभ्या राहत गेल्या. भंगाराची गोदामे आली, त्यांच्या सोबतीने लहान कारखाने, वर्कशॉप आली. ८ फेब्रुवारी २०२५ पासून महापालिकेने तेथील अनधिकृत बांधकामांवर कारवाई सुरू केली आणि आठवडाभरात चार हजारांहून अधिक बांधकामे जमीनदोस्त झाली. नोटिसा आधी बजावल्या होत्या, हे खरे. तेथील आगी, धूर, इंद्रायणीचे प्रदूषण हेही खरे. शेजारच्या तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या शोभेच्या मेणबत्त्या करणाऱ्या एका शेडला आग लागून तेथे राबणाऱ्या स्त्रियांचा बळी गेला, ते आपण विसरलेलो नाही. अनधिकृत शेड ही केवळ कागदावरची चूक नसते. आत काम करणाऱ्याच्या जिवाशी तिची गाठ असते. तेव्हा कारवाई अन्याय्यच होती असे सरसकट म्हणण्यास आम्ही तयार नाही. परंतु त्या आठवड्यात रस्त्याच्या कडेला उघड्यावर पडलेली यंत्रे ज्यांनी पाहिली, त्यांच्या मनात एक प्रश्न राहिलाच असेल. जागा बेकायदा होती. मग इतकी वर्षे तेथे वीज कशी आली, कर कसा भरला गेला, भाडे कोणी घेतले? कर घेतला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, हे कायद्याचे उत्तर आहे आणि ते बरोबर आहे. परंतु आज ना उद्या हे पडणार, ही गोष्ट साखळीत ज्याला आधी कळली त्याने ती पुढच्याला कधी सांगितली, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आमच्या मते गाळा सोडण्याच्या साऱ्या नीतीचे मर्म या ‘कधी’मध्ये आहे.

पूर्वी सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला ‘प्रकरणे’ सोडवावी लागत. जुन्या लॅटिन ग्रंथांत टिटियस आणि कायस नावाची दोन माणसे असत. टिटियस सतत कायसचे काही ना काही घेऊन जाई आणि ते परत करावे की नाही हे विद्यार्थ्यांनी ठरवायचे. ती पद्धत आता मागे पडली. कोरडी होती खरी, पण तिच्यात एक गुण होता. ती माणसाला नेमके बोलावयास लावी. म्हणून आपणही एक कल्पित प्रकरण मांडू.

चिखलीत एका कारखानदाराचा भाड्याचा गाळा आहे. आठ कामगार, दोन लेथ, तीन पॉवर प्रेस. काम एका मोठ्या कंपनीचे. फेब्रुवारीत जागामालक त्याला सांगतो, करार ऑगस्टअखेर संपतो आहे, पुढे वाढवणार नाही. कारखानदार चाकणच्या बाजूला, कुरुळी किंवा महाळुंगेकडे, जागा पाहू लागतो. मे महिन्यात ती ठरते. नकाशावर अंतर फारसे नाही. कामगारांना तो काहीच सांगत नाही. जुलैत त्यांच्याकडून ओव्हरटाइम करून घेतो. कारण यंत्रे हलवण्याच्या दिवसांत कंपनीचा पुरवठा थांबता कामा नये, आणि जागा बदलली की कंपनीची माणसे येऊन यंत्रे तपासणार, नव्याने नमुने मागणार. तोवर पुरेल इतका साठा हवा. कामगार आनंदाने ओव्हरटाइम करतात. काम वाढले, बरे दिवस आले, असे त्यांना वाटते. ऑगस्टअखेरच्या एका बुधवारी संध्याकाळी हात धुण्याच्या वेळी मालक सांगतो, उद्या गाळा हलतो आहे, शुक्रवारपासून चाकणला या. गुरुवार हा आपल्या पट्ट्यातला औद्योगिक सुट्टीचा वार. (रविवारच्या मिस्सेला आपले कित्येक बांधव का दिसत नाहीत याचे उत्तरही याच गुरुवारात आहे.) गुरुवारी सकाळी हायड्रा येते, पाया उकरून प्रेस उचलल्या जातात आणि दुपारपर्यंत गाळा रिकामा होतो.

या माणसाने कोणता गुन्हा केला? कायद्याच्या दृष्टीने बहुधा कोणताच नाही. पगार चुकते केले, ओव्हरटाइम दिला, जागामालकाला जागा वेळेवर दिली. कोणाला कामावरून काढलेही नाही. फक्त पत्ता बदलला. आता त्या आठांकडे पाहू. एकाने जूनमध्ये मुलीला चिखलीतल्या शाळेत घातले आणि फी भरली. दुसऱ्याने जुलैत खोली बदलली, नव्या खोलीची अनामत दिली; कामावर पायी जाता येईल म्हणूनच ती खोली निवडली होती. तिसऱ्याला एप्रिलमध्ये भोसरीत दुसरे काम मिळत होते. येथे बरे चालले आहे म्हणून त्याने नाही म्हटले. चौथ्याची पत्नी मोशीच्या सोसायट्यांत चार घरी स्वयंपाक करते; दोघांच्या कमाईवर घर चालते, आणि दोघांपैकी एकाचेच कामाचे ठिकाण बदलले आहे. यांतले दोघे शुक्रवारी चाकणला जात नाहीत. चौक ओलांडायला लागणारा वेळ धरला तर चाकणचा प्रवास किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नाही, हे तिकडे जाणारा कोणीही सांगेल. ते दोघे ‘आपणहून’ काम सोडतात. मालकाच्या वहीत तशीच नोंद होते.

शाळेची फी, खोलीची अनामत, नाकारलेले काम यांपैकी कशालाही मालकाने हात लावला नाही. तरीही ते नुकसान त्याच्या मौनातून झाले. मे महिन्यात त्याला जे ठाऊक होते ते जूनमध्ये कामगाराला ठाऊक असते, तर फी वेगळ्या शाळेत भरली गेली असती. नीतिशास्त्रात मौनाला मोठा मान आहे. प्रत्येक सत्य प्रत्येकाला सांगितलेच पाहिजे असे नाही. धंद्याची गुपिते असतात, ती राखण्याचा अधिकारही असतो. परंतु हा अधिकार जेथे माझ्या मौनावर विसंबून दुसरा माणूस आपला पैसा आणि आपले आयुष्य खर्च करू लागतो तेथे संपतो. त्या क्षणापासून ते मौन दुसऱ्याच्या खिशाला हात घालते. संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाच्या विवेचनात परतफेडीला स्वतंत्र स्थान दिले आहे, आणि घेतलेली वस्तू परत करणे एवढ्यापुरतीच ती त्यांनी मर्यादित ठेवली नाही. दुसऱ्याला जे मिळण्याच्या मार्गावर होते त्यात आडवे येणाऱ्यावरही काही भरपाईचे दायित्व येते, असे ते मानतात. भोसरीतले नाकारलेले काम हे असेच हातातोंडाशी आलेले होते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहणे उद्बोधक आहे. कारण वेळ हीसुद्धा देण्याची वस्तू आहे, हे कायद्याने फार पूर्वी ओळखले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर उत्पादनाच्या कामासाठी दिलेला भाडेपट्टा संपवण्यास सहा महिन्यांची सूचना द्यावी लागते. इतर कामांसाठी पंधरा दिवसांची. हा फरक का? दुकानातला माल हातगाडीवर घालून नेता येतो, यंत्र तसे नेता येत नाही, हे त्या काळच्या कायदेपंडितांना कळत होते. प्रेस उचलली की नव्या जागी पाया घालावा लागतो, पाणसळ लावून ती समतल करावी लागते. पाया कच्चा राहिला तर पहिल्या आठवड्यातच हादऱ्यांनी साचा बिघडतो. सहा महिने ही दया नव्हे. कामाचे स्वरूप ओळखून दिलेला तो हिशेबी वेळ आहे.

परंतु आज गाळ्यांचे बहुतेक करार भाडेपट्ट्याचे नसतात; ते ‘लिव्ह अँड लायसन्स’चे असतात. अकरा महिन्यांचे, किंवा अकराच्या पटीतले. त्यात महिन्याभराची सूचना पुरते. हा परवानाही १८८२ च्याच दुसऱ्या एका कायद्यातला, सुविधाधिकार कायद्यातला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने असे करार लेखी आणि नोंदणीकृत असलेच पाहिजेत असे ठरवले व नोंदणीची जबाबदारी जागामालकावर टाकली. गाळ्यांच्या बाबतीत ती किती पाळली जाते हे वाचकांनीच मनाशी पडताळून पाहावे. परवाना रद्द झाल्यावरही घेणाऱ्याला निघून जाण्यास आणि आपला माल हलवण्यास वाजवी वेळ मिळाला पाहिजे, असे त्या जुन्या कायद्याचे कलम ६३ सांगते. वाजवी म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. सांगूही शकत नाही. ते समोरच्या माणसाकडे पाहूनच ठरवावे लागते.

म्हणजे होते काय? कायद्यातले सहा महिने करारात एक महिना होतात, आणि गाळ्याच्या आत त्या एका महिन्याची एक संध्याकाळ होते. वरून वेळ खाली येतो तो प्रत्येक पायरीवर थोडा थोडा कापला जातो; प्रत्येक जण आपल्या सोयीपुरता ठेवून घेतो आणि उरलेला खाली देतो. आमच्या प्रकरणातल्या जागामालकाने मात्र तसे केले नाही. त्याने फेब्रुवारीतच सांगितले. त्याचे सहा महिने कारखानदाराच्या खिशात राहिले.

जागामालकाबद्दल येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. कारण अशा चर्चेत त्याला खलनायक करण्याची आपली खोड आहे. या पट्ट्यातला जागामालक बहुधा शेतकऱ्याचा मुलगा असतो. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले. प्रत्येक वेळी येथल्या शेतकऱ्यांची जमीन गेली. परताव्याच्या साडेबारा टक्के जमिनीचा प्रश्न तर दशकानुदशके रेंगाळला; प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झाले तरी तो चर्चेत होताच. ज्याच्या बापाला आपली जमीन सोडायला पुरेसा वेळ आणि पुरेसा मोबदला मिळाला नाही, त्याने उरलेल्या दोन एकरांवर पत्रे टाकून गाळे भाड्याने दिले. त्याच्यावर खटला भरण्यापूर्वी हे आठवावे. तथापि त्याच्याकडूनही एक देणे उरतेच. वीस वर्षे एखादी वर्कशॉप एका जागी चालली की त्या जागेला किंमत येते. बाजूला प्लेटिंगवाला येतो, हत्यारांचे दुकान येते, रस्ता होतो, आणि भाडे चढते. ती किंमत काही अंशी भाडेकरूच्या घामाची असते, पण जाताना त्याला ती नेता येत नाही. फ्रान्सने १९२६ सालीच कायदा करून व्यापारी भाडेकरूला नूतनीकरणाचा हक्क दिला. जागामालक तो नाकारील तर भरपाई देण्याची तरतूद तेथे आहे. इंग्लंडने १९२७ च्या कायद्यात धंद्याच्या नावलौकिकाची किंमत मान्य केली. आपल्याकडे असे काही नाही, आणि उद्या झाले तरी अनोंदणीकृत गाळ्यांना ते लागू पडेल असे वाटत नाही. म्हणून निदान वेळ तरी द्यावा. त्याला पैसा लागत नाही.

भाडेकरूचे जागेशी असलेले देणे त्या मानाने सोपे आहे. आपण बसवलेली वस्तू तो काढून नेऊ शकतो, पण जागा घेतली त्या स्थितीत परत केली पाहिजे, नित्याच्या वापराने होणारी झीज सोडून. कलम १०८ चा आशय असा. रागाच्या भरात वायरिंग ओरबाडून नेणे, पायाचे बोल्ट कापून टोके तशीच जमिनीबाहेर ठेवणे, हे प्रकार सर्रास घडतात आणि ते चोरीचेच धाकटे भाऊ आहेत. तेलाचे मात्र वेगळे. दहा वर्षे ज्या फरशीवर कूलंट आणि जुने ऑइल सांडले तिच्या खालची माती कोणत्याही करारात येत नाही. जागामालक तिची तपासणी करत नाही. त्यालाही उद्या दुसरा भाडेकरू हवाच असतो. पण पाऊस पडला की ते तेल ओढ्याने इंद्रायणीत किंवा पवनेत जाते, आणि त्या पाण्याकाठी राहणाऱ्यांनी कोणाच्याही करारावर सही केलेली नसते. शेवटच्या दिवशी दोन ड्रम ऑइल गटारात ओतून मोकळे होणारा कारखानदार आणि रीतसर घेऊन जाणाऱ्याला ते सोपवणारा कारखानदार यांच्या खर्चात फार मोठा फरक पडत नाही.

पुन्हा माणसांकडे येऊ. गाळा हलवताना कामगारांचे असेच होणार, याला इलाज नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना महाराष्ट्राच्याच उद्योगेतिहासातले एक उदाहरण दाखवावेसे वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा बेळगावातला कारखाना त्या काळी लहानच होता. कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर तेथे होत. नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी जागा हवी झाली आणि कारखान्याला ती सोडणे भाग पडले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर ओसाड जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. १९१० साली लक्ष्मणराव तेथे गेले. निवडुंगाचे रान, साप, पाण्याची टंचाई. पण ते एकटे किंवा नुसती यंत्रे घेऊन गेले नाहीत. सुमारे पंचवीस कामगार आपापल्या बायकामुलांसह त्यांच्याबरोबर गेले, आणि त्या माळावर कारखान्याबरोबरच वस्ती उभी राहिली. तिचेच पुढे किर्लोस्करवाडी झाले. ही गोष्ट आपण उद्योजकाच्या जिद्दीची म्हणून मुलांना सांगतो. आम्हांस तिच्यात दुसरेच काही दिसते. पंचवीस कुटुंबे कोणी एका बुधवारच्या संध्याकाळी सांगून माळरानावर येत नाहीत. घरात बोलणे व्हावे लागते, म्हाताऱ्या आईला समजवावे लागते, पोरांचे काय हे ठरवावे लागते. ती सारी कुटुंबे गेली, याचा अर्थ त्यांना विचारायला कोणीतरी वेळ काढला होता.

तो काळ वेगळा होता, संस्थानिकाची जमीन होती, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. आजच्या गाळेवाल्याला कोणी बत्तीस एकर देणार नाही. मोठ्या कंपन्यांचे स्थलांतर निदान चव्हाट्यावर तरी येते. बजाज ऑटोने २००७ साली आकुर्डीतले वाहन-उत्पादन थांबवले तेव्हा तेथे संघटना होती, वाटाघाटी होत्या, वर्तमानपत्रांत रकाने भरून आले. आठ माणसांचा गाळा हलतो तेव्हा शेजारच्या चहावाल्याखेरीज कोणाला पत्ता लागत नाही. आणि महिनाअखेरची त्याची उधारी बुडाली तर तोही फार तर चार दिवस बडबडतो.

पवित्र शास्त्रात अशाच एका लहान धंदेवाईक दांपत्याची हकिगत आहे, ती या संदर्भात आठवते. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला तंबू करीत. बादशहा क्लौद्य याने यहुद्यांना रोममधून जाण्याचा हुकूम काढला आणि हे दोघे करिंथला आले. तेथे तोच धंदा करणारा पौल त्यांच्याकडे राहिला व त्यांच्यासोबत काम करू लागला. पुढे ती दोघे इफिसला गेली. प्रेषितांची कृत्ये वाचताना आपण पौलाच्या मागे जातो आणि या दोघांचे वारंवार दुकान हलवणे नजरेआड होते. जेथे गेली तेथे त्यांच्या घरी लोक जमू लागले. हुकमाने उठवलेली माणसे होती ती. पण आपल्याबरोबर कोण येणार आणि आपल्याकडे कोण राहणार याचा विचार करायला त्यांना जागा होती असे दिसते. अनुवादाच्या पुस्तकात गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी देण्याची आज्ञा आहे. तीसुद्धा रकमेविषयी नाही, वेळेविषयी आहे. गरिबाचा वेळ श्रीमंताच्या वेळेहून कमी लवचीक असतो, हे त्या आज्ञेमागे आहे.

आता कारखानदाराचा आक्षेप ऐकून घेतला पाहिजे. कारण तो खोटा नाही. तो म्हणेल, मे महिन्यात सांगितले असते तर जूनमध्ये चार जण सोडून गेले असते. साठा कोणी केला असता? पुरवठा थांबला असता, कंपनीने काम दुसऱ्याला दिले असते, आणि मग आठांचीही भाकरी गेली असती. मी गप्प राहिलो ते त्यांच्याच भल्यासाठी. यात तथ्य आहे. मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाला दया नसते, आणि लहान कारखानदार स्वतः कर्जाच्या हप्त्याखाली दबलेला असतो. पण त्याचे म्हणणे नीट उलगडून पाहिले तर ते असे निघते: मला जो धोका होता तो मी त्यांच्या अंगावर टाकला, त्यांना न विचारता. चार जण गेले असते हे खरे मानले, तरी ते आपल्या हिताचा विचार करूनच गेले असते. आणि तो विचार करण्याचा त्यांचा हक्क मालकाच्या साठ्याहून दुय्यम का मानावा? शिवाय चारच गेले असते हे कशावरून? जुलैच्या ओव्हरटाइमचे कारण सांगितले असते आणि चाकणला आल्यावर पहिले सहा महिने जाण्यायेण्याचा खर्च देतो म्हटले असते, तर कदाचित एकच गेला असता. निश्चित कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच तो धोका एकट्या मालकाच्या हिशेबाने ठरवण्याचा नाही.

जे दोघे जाऊ शकले नाहीत त्यांचा प्रश्न राहतो. समजा त्यांतला एक जण नऊ वर्षे त्या प्रेसवर उभा होता आणि त्याचा पगार महिना १८,००० रुपये होता. दहा किंवा अधिक माणसांच्या कारखान्यात असता तर नोकरी सोडताना त्याला ग्रॅच्युइटी मिळाली असती; दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे सव्वीस दिवस धरून. म्हणजे सुमारे ९३,००० रुपये. येथे माणसे आठच. दहाची ही मर्यादा १९७२ च्या कायद्यात होती, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती राहिली आहे. मालकाला हे नेमके ठाऊक असते. नववा, दहावा माणूस ठेकेदाराच्या नावावर का ठेवतात हे गाळ्यातल्या पोरालाही ठाऊक असते. कायद्याने येथे रेघ ओढली, कारण त्याला कोठेतरी ओढावीच लागते. प्रेसवरच्या त्या माणसाची नऊ वर्षे मात्र आठ सोबत्यांत गेली काय आणि दहांत गेली काय, सारखीच.

त्र्याण्णव हजार रुपये ही लहान कारखानदाराला थोडी रक्कम नव्हे, आणि स्थलांतराच्या महिन्यात तर नव्हेच. पण त्या महिन्यात तो नव्या गाळ्याची अनामत देतो, दलालाला एक महिन्याचे भाडे देतो, हायड्राचे दिवसाचे भाडे, पायाचे काँक्रीट, वाढीव लोडचे शुल्क, नव्या पाट्या. हे सारे एका वहीत लिहिलेले असते आणि त्यासाठी बँकेकडे जाताना त्याला संकोच वाटत नाही. मागे राहिलेल्या दोघांची नावे त्याच वहीत, त्याच पानावर लिहिता येतात. एकरकमी जमले नाही तर हप्त्याने. सहा हप्ते, बारा हप्ते. यंत्राचे हप्ते तो भरतोच आहे.